बिघडलेला साबण: कोणती वडी विकायची, कोणती वितळवायची, कोणती टाकून द्यायची

घरी कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता एकत्र करून, साबण करणारे दोन उलट्या चुका करतात. वर पांढरी भुकटी आली म्हणून चांगला साबण फेकून देतात, आणि जिभेला झटका देणारी वडी गुळगुळीत, देखणी आहे म्हणून कागदात गुंडाळून विकतात. दोन्हीकडे निर्णय रूपावरून घेतलेला असतो. साबणात रूप आणि सुरक्षितपणा यांचा फारसा संबंध नाही. कुरूप वडी उत्तम असू शकते, देखणी वडी कातडी सोलू शकते.

ज्यांचे दोन-चार घाणे (घाणा म्हणजे एका वेळी केलेला साबण) करून झालेत आणि आता ओळखीपाळखीत, प्रदर्शनात किंवा ऑनलाइन थोड्या वड्या विकायच्या मनात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. साबण करायला पहिल्यापासून शिकवत नाही. हमखास घोळ होतो तिथेच थांबतो. तयार बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांना यातला विक्रीचा भाग उपयोगी पडेल, कॉस्टिकचा नाही.

## १. हिशेब कागदावर, मग तराजू

कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) किती लागणार हे तेल ठरवतं. १ ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्ह तेलाला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागतो. हा आकडा म्हणजे त्या तेलाची सॅप व्हॅल्यू. समजा १००० ग्रॅम तेलांचा घाणा आहे:

- खोबरेल ३०० ग्रॅम × ०.१८३ = ५४.९
- ऑलिव्ह ६०० ग्रॅम × ०.१३५ = ८१.०
- एरंडेल १०० ग्रॅम × ०.१२८ = १२.८

बेरीज १४८.७ ग्रॅम. यातला ५ टक्के कॉस्टिक मुद्दाम कमी घ्यायचा, म्हणजे थोडं तेल साबण न होता मोकळं राहतं आणि वडी अंगाला सौम्य लागते. हा सुपरफॅट. उरला १४१.३ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, म्हणजे २८३ ग्रॅमच्या आसपास.

आता नेहमीचा घोळ पाहा. खोबरेल संपलंय, ऑलिव्ह भरपूर आहे, म्हणून ३०० ग्रॅमच्या जागी ऑलिव्हच घातलं आणि कॉस्टिक तेवढाच ठेवला. आता ९०० ग्रॅम ऑलिव्ह आणि १०० ग्रॅम एरंडेलाला पूर्ण साबण व्हायला १३४.३ ग्रॅमच पुरतो. तुम्ही घातलाय १४१.३. सुपरफॅट तर गेलाच, वर ७ ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळा राहिला. वडी मात्र दिसायला अगदी व्यवस्थित होते. तेलांचं एकूण वजन तेच राहिलं म्हणून हिशेब तोच राहत नाही. एक तेल बदललं की सगळं पुन्हा मांडायचं.

दुसरी चूक तक्त्याची. काही तक्त्यांत सॅप व्हॅल्यू पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी दिलेली असते. तिथे खोबरेलासमोर ०.२५७ असा आकडा दिसेल. तो घेऊन सोडियम हायड्रॉक्साइड मोजलात तर कॉस्टिक चाळीस टक्के जास्त पडतो. वडीचा साबण सोडियमचा, द्रव साबण पोटॅशियमचा. तक्त्याचं शीर्षक वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

तराजूच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा:

- वाटी-चमचा-कपाचं माप अजिबात नको. पाणीसुद्धा ग्रॅममध्येच.
- बऱ्याच स्वस्त तराजूंना काही वेळाने आपोआप बंद व्हायची सवय असते. अर्धं तेल ओतून दुसरी बाटली शोधायला गेलात आणि तराजू झोपला, की आधीचा आकडा गेला. प्रत्येक तेल वेगळ्या भांड्यात मोजून मग एकत्र करा.
- वास किंवा रंग तपासायला १०० ग्रॅमचा छोटा घाणा करत असाल तर १ ग्रॅमची अचूकता पुरत नाही. तिथे कॉस्टिक जेमतेम १४ ग्रॅम असतो; एक ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे सात टक्के, म्हणजे सुपरफॅटपेक्षा जास्त. ०.१ ग्रॅम दाखवणारा तराजू घ्या, नाहीतर छोटा घाणाच ५०० ग्रॅमचा करा.

कॉस्टिकचा डबा उघडा राहिला तर तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. गठ्ठे झालेला, ओलसर कॉस्टिक वजनाला पुरेसा भरतो, पण जोर कमी पडतो आणि साबण मऊ, तेलकट होतो. असा डबा साबणासाठी वापरू नका.

तपासणी: वहीत घाण्याचा नंबर, तारीख, प्रत्येक तेलाचं *प्रत्यक्ष* वजन, कॉस्टिक, पाणी, वास आणि रंग लिहिलं का? ठरवलेलं वजन नव्हे, तराजूवर दिसलेलं. पुढे घाणा बिघडला तर दुरुस्तीचा सगळा हिशेब या एका पानावर होतो. पान नसेल तर बऱ्याचदा दुरुस्तीच शक्य नसते.

## २. कॉस्टिकचं पाणी

क्रम पक्का: कॉस्टिक पाण्यात, थोडा थोडा, ढवळत. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. एकदम उसळून अंगावर येतं. मिश्रण काही क्षणांत ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, म्हणून थंड पाणी घ्या. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा उष्णता सोसणाऱ्या जाड पॉलिप्रॉपिलीनचं. अ‍ॅल्युमिनियम चालत नाही: कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचेचं भांडं चारदा टिकतं, पाचव्यांदा तडकतं.

गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या, उघडी खिडकी. मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर.

सावधान: कातडीवर उडालं तर व्हिनेगर लावू नका. ताबडतोब वाहत्या पाण्याखाली, निदान १५-२० मिनिटं. डोळ्यात गेलं तर तेच, आणि धुणं झाल्याबरोबर डॉक्टर. व्हिनेगर ओट्यावर सांडलेलं पुसायला ठेवा, अंगासाठी नाही.

उरलेलं कॉस्टिकचं पाणी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही. एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

## ३. ट्रेस: खरा आणि फसवा

ब्लेंडर फिरवल्यावर मिश्रणाची धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरते, तो ट्रेस. साबणाची सुरुवात इथून मानतात आणि ओतण्याची घाईही इथूनच सुरू होते. पण तेलं थंड असतील तर घट्ट होणारी चरबी, विशेषतः शिया बटर किंवा २४ अंशांखाली गोठणारं खोबरेल, तसाच दाटपणा दाखवते. हा फसवा ट्रेस. साच्यात ओतलं की काही तासांत तेल वर आणि पाणी खाली.

ओळखायची खूण सोपी आहे. भांडं कोमट पाण्यात ठेवून हळूच गरम करा. मिश्रण पातळ होऊन कडेला तेलाची चकाकी दिसली तर ट्रेस आलाच नव्हता, पुन्हा फिरवा. तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान ठेवलं तर हा त्रास बहुधा होत नाही.

उलटा अपघात म्हणजे मिश्रण भांड्यातच एकदम दगड होणं. कारण बहुतेक वेळा वास. लवंग आणि दालचिनीची तेलं, आणि बरेच फुलांचे सुगंध, ट्रेस भलताच वेगात आणतात. सुगंध ब्लेंडरने नव्हे, चमच्याने मिसळा आणि सगळ्यात शेवटी. प्रमाण सर्वसाधारणपणे तेलाच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत, पण लवंग-दालचिनीसाठी त्वचेवरच्या वापराची मर्यादा याच्या कितीतरी खाली आहे. पुरवठादाराच्या सुरक्षा-पत्रकात आकडा असतो, तो पाहा. दगड झालंच तर घाबरून टाकून देऊ नका. चमच्याने साच्यात दाबून बसवा, साचा आपटून हवा काढा. वडी ओबडधोबड होईल, वापरायला चांगली राहील. तरीही हा वास विक्रीच्या मोठ्या घाण्यात पहिल्यांदा वापरणं म्हणजे हौसेने संकट ओढवून घेणं.

## ४. साच्यातले पहिले दोन दिवस

या दोन दिवसांत बहुतेक बिघाड दिसतात आणि बहुतेक चुकीचे उपायही याच दोन दिवसांत होतात.

वर तेल, खाली पाणी. हातमोजे घालून सगळंच्या सगळं भांड्यात परत घ्या आणि पुन्हा ब्लेंडर फिरवा. लोक इथे खालचं "पाणी" मोरीत ओतून टाकतात. त्या पाण्यातच तुमचा कॉस्टिक असू शकतो. ते गेलं की हिशेब गेला. मग त्या घाण्यात काय उरलंय हे कोणालाच सांगता येणार नाही.

फुगून साच्याबाहेर येणं, मधोमध भेग. घाणा जास्त तापलाय. मध, साखर, दूध यांनी उष्णता वाढते. पांघरूण काढा, पंखा लावा, साचा जाळीवर ठेवा. दूध वापरायचं तर बर्फासारखं गोठवून त्यावर कॉस्टिक घाला. भेगेने साबण असुरक्षित होत नाही. उतू गेलेल्यात मात्र कॉस्टिकचे खिसे, म्हणजे न मिसळलेला कॉस्टिक साठलेल्या जागा, राहू शकतात, म्हणून पुढची तपासणी चुकवू नका.

मध्ये गडद वर्तुळ, कडा फिक्या. मधला भाग तापून जेल, म्हणजे अर्धपारदर्शक लगदा, झाला; कडा झाल्या नाहीत. फक्त रूपाचा प्रश्न.

## ५. निदान: दुरुस्तीआधी

वडी कापल्यावर तीन ठिकाणी तपासायची: कड, मध आणि जिथे शंका आहे तिथे. ओतल्यापासून ४८ तास झाल्यावर. त्याआधी झटका बसणं स्वाभाविक आहे.

पद्धत अशी: बोट ओलं करा, वडीवर घासा, ते बोट जिभेच्या टोकाला क्षणभर लावा. साबणाची कडवट चव लागली तर ठीक. बॅटरीच्या टोकांना जीभ लावल्यावर बसतो तसा झटका बसला तर मोकळा कॉस्टिक आहे. लगेच चूळ भरा. वडी थेट चाटू नका. जीभ लावायची नसेल तर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या १ टक्का फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब ताज्या कापलेल्या बाजूवर टाका. गडद गुलाबी डाग उमटला तर वडी संशयित.

पीएचच्या कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. चांगल्या साबणाचा पीएच ९ ते १०च्या आसपास असतोच, त्यामुळे पट्टी नेहमीच "जास्त" दाखवते. आणि "पीएच ७चा हाताने केलेला वडी साबण" असं कोणी लिहिलं असेल तर एकतर तो खरा साबण नाही किंवा पट्टीच खोटी आहे.

आता दिसणाऱ्या खुणा वाचू.

- वर कोरडी पांढरी भुकटी, झटका नाही: सोडा अ‍ॅश. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी कॉस्टिकची प्रक्रिया होऊन आलेला थर. निरुपद्रवी. वाफ देऊन किंवा ओल्या कपड्याने पुसून जातो. पुढच्या वेळी पाणी थोडं कमी करा आणि साचा झाका.
- पारदर्शक नागमोडी रेघा: ग्लिसरीनच्या. जास्त पाणी, जास्त उष्णता आणि टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) एकत्र आले की दिसतात. निरुपद्रवी.
- आत पांढरे कठीण ठिपके: इथेच फसगत होते. न वितळलेलं बटर असेल तर नखाने मेणासारखं दबतं आणि झटका देत नाही. कॉस्टिकचा खिसा असेल तर ठिसूळ, कधी त्यातून द्रव पाझरतो आणि झटका बसतो. डोळ्यांनी ठरवू नका, बोट लावा.
- हळूहळू तपकिरी होणं: सुगंधात व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा घटक) आहे. काही आठवड्यांत वडी चॉकलेटी होते. दोष नाही, पण पुढे विक्रीच्या वेळी महागात पडतो.
- नारिंगी ठिपके, खवट वास: तेल खराब होतंय. हे कित्येकदा महिन्यांनी दिसतं. जुनं तेल, सुपरफॅट जास्त, किंवा वडी उघड्या लोखंडी जाळीवर ठेवणं ही नेहमीची कारणं. दुरुस्ती नाही.
- वरच्या सुक्या फुलांचा रंग जाणं: लॅव्हेंडरच्या कळ्या काही दिवसांत हुबेहूब उंदराच्या लेंड्या दिसतात. साबणाला काही होत नाही, गिऱ्हाईकाला मात्र होतं. कॅलेंडुलाच्या (झेंडूसारख्या दिसणाऱ्या फुलाच्या) पाकळ्या रंग धरून ठेवतात, त्या वापरा.

## ६. दुरुस्ती: फक्त ज्याचं कारण माहीत आहे त्याची

नियम एकच. काय चुकलं हे वहीतून सांगता येत असेल तरच साबण पुन्हा वितळवायचा. "बहुतेक कॉस्टिक जास्त पडला असावा" या अंदाजावर तेल ओतलंत तर पहिल्या अंदाजावर दुसरा अंदाज चढतो.

वरचंच उदाहरण घेऊ: ९०० ग्रॅम ऑलिव्ह, १०० ग्रॅम एरंडेल, आणि १४१.३ ग्रॅम कॉस्टिक. हा कॉस्टिक ५ टक्के सुपरफॅटसह १४८.७ ग्रॅमची भूक असलेल्या तेलांसाठी होता. आपल्या तेलांची भूक १३४.३. फरक १४.४ ग्रॅम. त्याला ऑलिव्हच्या ०.१३५ ने भागा: साधारण १०७ ग्रॅम. एवढं ऑलिव्ह तेल घातलं की घाणा मूळ ठिकाणी येतो. सात ग्रॅम कॉस्टिक जास्त होता म्हणून फक्त तेवढ्यापुरतं तेल घातलंत तर झटका जाईल, पण सुपरफॅट शून्य राहील आणि वडी कातडी कोरडी करेल.

कॉस्टिक कमी पडला असेल तर उलट: राहिलेला कॉस्टिक त्याच्या दुप्पट थंड पाण्यात विरघळवून घाला.

क्रम:

1. हातमोजे घालून सगळ्या वड्या किसा. कापताना पडलेला चुरासुद्धा घ्या. तोही हिशेबातला आहे. एखादी वडी आधीच कोणाला दिली असेल तर घालायचं तेल त्या प्रमाणात कमी करा.
2. किलोमागे ७०-८० ग्रॅम पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर, शक्यतो दुसऱ्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यावर ठेवा. जास्त पाणी घातलं तर लवकर वितळतं हे खरं, पण वडी वाळताना वेडीवाकडी आक्रसते.
3. लगदा थोडा मऊ झाला की तेल किंवा कॉस्टिकचं पाणी घाला.
4. तास-दीड तास, मधूनमधून ढवळत. पूर्ण वेळ ढवळू नका, फेस होतो.
5. सगळा लगदा अर्धपारदर्शक झाला की चमचाभर बाहेर काढून थंड करा आणि बोटाची तपासणी करा. झटका असेल तर शिजवत राहा.
6. साच्यात दाबून भरा, आपटा.

तपासणी: दोन तास शिजवूनही झटका जात नसेल तर वहीतलं तुमचं कारण चुकीचं आहे. तिथे थांबा. आणखी तेल घालत बसू नका.

असा घाणा जाड पिशवीत, वर "कॉस्टिक" लिहून, घातक कचऱ्याचे जिथे जे नियम असतील त्याप्रमाणे द्या. कपडे धुवायला म्हणून शेजारी वाटून टाकू नका.

## ७. मुरवणं

साबणाची प्रक्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच जवळपास पूर्ण होते. पुढचे चार ते सहा आठवडे पाणी उडण्यासाठी आणि वडी कठीण, मऊ फेसाची होण्यासाठी असतात. म्हणजे मुरवल्याने मोकळा कॉस्टिक "निघून जाईल" ही आशा सोडा. दोन दिवसांनी झटका असलेली वडी महिन्याने विकायची हा धोका आहे, मुरवणं नव्हे.

वड्या एकमेकींना न चिकटवता, हवा खेळेल अशा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी फळीवर, उन्हापासून दूर. एका वडीवर खूण करून तीच दर आठवड्याला मोजा. दोन आठवडे वजन जवळपास सारखं आलं की घाणा तयार. बहुतांश ऑलिव्हचा असेल तर आणखी थांबा.

दमट हवेत वडीवर दवासारखे थेंब येतात. ग्लिसरीन ओलावा ओढतं. पुसून वाळवा, तो बिघाड नाही.

## ८. वर्गवारी: चार टोपल्या

मुरल्यावर एका बैठकीत, उजेडात, सगळा घाणा निवडा. वह्या-पिशव्या घेऊन प्रदर्शनाच्या आदल्या रात्री निवडायला बसलं की हात आपोआप सैल पडतो.

पहिली टोपली, पूर्ण दराने: झटका नाही, वास स्वच्छ, आकार ठीक.

दुसरी, कमी दराने: सोडा अ‍ॅश, अर्धं जेल, ग्लिसरीनच्या रेघा, तिरके काप, उडालेला कोपरा, फिका रंग. कारण कागदावर लिहून वेगळी मांडा. पहिल्या टोपलीच्या ढिगात खालून सारू नका. गिऱ्हाईक सारलेली वडी घरी जाऊन बघतं आणि परत येत नाही.

तिसरी, घरासाठी: नियोजित घटकांपेक्षा वेगळं काही पडलं असेल, पण तपासणीत ठीक असलेली. पुन्हा वितळवलेला घाणाही पहिल्यांदा इथेच. काही आठवडे स्वतः वापरून मग दुसऱ्या टोपलीत.

चौथी, विक्री नाही, भेट नाही: झटका देणारी, नारिंगी ठिपक्यांची, खवट, तेल सुटलेली, बुरशी आलेली, आणि जिचं वहीत पान नाही ती. या शेवटच्या वडीवरून लोक हुज्जत घालतात. छान तर आहे, म्हणतात. असेल. पण उद्या कोणाच्या अंगावर पुरळ आलं तर त्यात काय होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही.

## ९. वजन, वेष्टन, लेबल

निव्वळ वजन साच्यातलं लिहायचं नाही. १०० ग्रॅमची वडी सहा आठवड्यांत दहा-बारा ग्रॅम सहज हलकी होते आणि गुंडाळल्यावरही थोडी उतरते. सगळ्या वड्या मोजा, सगळ्यात हलकी पाहा, लेबलवर त्याच्याही किंचित खालचा आकडा घाला.

कच्च्या वडीला कागदी पट्टी बांधली तर महिन्याभरात ती सैल होऊन घसरते. आधी मुरवा, मग बांधा. हवाबंद प्लास्टिक टाळा, विशेषतः पूर्ण न मुरलेल्या वडीला: आत घाम येतो, कागदाची शाई पसरते. दोन्ही टोकं उघडी असलेली पट्टी किंवा छिद्रांचा डबा बरा. वासही घेता येतो.

लेबलवर: साबणाचं नाव, सगळे घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, करणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख आणि घाण्याचा नंबर. बदाम, तीळ, दूध यांसारख्या ज्यांची अ‍ॅलर्जी असू शकते अशा गोष्टी आठवणीने. पुन्हा वितळवताना एखादं तेल वाढलं तर घटकही बदलतात. जुनं लेबल चिकटवू नका.

सावधान: "इसब जातो", "मुरुम बरे होतात" असं लिहिलं की बहुतेक देशांच्या कायद्यात तुमचा साबण औषधाच्या हद्दीत जातो, आणि औषधाचे नियम घरगुती उत्पादकाला झेपत नाहीत. "केमिकल-फ्री" लिहू नका. कॉस्टिकशिवाय साबण होतच नाही. विक्रीसाठी साबण करायला परवाना लागतो का, हे लेबल छापण्याआधी विचारून घ्या, नंतर नाही.

## १०. दर: विकता येण्याजोग्या वड्यांवर

१४ वड्यांचा घाणा निघाला. एक नमुना म्हणून वर्षभर जपायची, एक तपासणीत गेली, एक कोपरा उडून दुसऱ्या टोपलीत. पूर्ण दराने उरल्या ११. साहित्य, कागद, वीज आणि तुमचे तास यांची बेरीज ११ने भागा, १४ने नाही. दुसऱ्या टोपलीतून आलेला पैसा वरचा समजा. तास मोजताना भांडी घासणं आणि निवडणंही धरा. ते बहुतेक सगळेच विसरतात. बिघडून पूर्ण टाकून दिलेला घाणा असेल तर तो पुढच्या काही घाण्यांवर थोडा थोडा पसरवा. "पहिल्या गिऱ्हाइकांना स्वस्त" ठेवलेला दर नंतर वाढवणं फार अवघड जातं.

## ११. ऑर्डर, प्रदर्शन, तक्रार

फोटो मुरल्यानंतरच काढा. व्हॅनिलाचा पांढराशुभ्र फोटो पहिल्या दिवशी टाकून ऑर्डर घेतल्या आणि पाठवताना वडी तपकिरी, असा वाद कोणीही जिंकत नाही.

लग्न-समारंभाची मोठी ऑर्डर आली तर तारखेच्या निदान आठ आठवडे आधी हो म्हणा: सहा मुरायला, दोन घाणा बिघडला तर. त्याहून कमी वेळ असेल तर जे तयार आहे तेच दाखवा. नवा वास, नवा साचा आणि नवं गिऱ्हाईक एकाच ऑर्डरमध्ये नको.

प्रदर्शनात वड्या उन्हात मांडू नका, घाम येतो आणि वास उडतो. हुंगायला आणि हाताळायला एक वेगळी, लेबल नसलेली वडी ठेवा. तिला शंभर हात लागतात, ती विकायची नाही. पार्सल पाठवताना वड्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळा, कोपऱ्यांवर जास्त कागद.

आणि तक्रार. कोणी म्हणालं, साबणाने अंग खाजलं, तर या क्रमाने:

1. वापर लगेच थांबवायला सांगा. त्रास जास्त असेल तर डॉक्टरकडे जायला सांगा. स्वतः औषध सुचवू नका.
2. लेबलवरचा घाण्याचा नंबर विचारा.
3. त्या नंबरच्या उरलेल्या सगळ्या वड्या विक्रीतून बाजूला काढा, फक्त एक नाही.
4. जपलेला नमुना पुन्हा तपासा. वहीचं पान काढून तेलं आणि कॉस्टिकचा हिशेब नव्याने मांडा.
5. पैसे परत करा. वाद घालायला वेळ आहे, आणि नंतर बहुधा त्याची गरजही पडत नाही.
6. नमुना झटका देत असेल तर त्या घाण्याच्या प्रत्येक खरेदीदाराला कळवा. यासाठी कोणाला कोणत्या नंबरची वडी गेली हे लिहिलेलं असायला हवं, प्रदर्शनात रोख घेतलेल्यांचंसुद्धा. निदान पावतीवर नंबर आणि तुमचा फोन टाका, म्हणजे ते तरी तुमच्यापर्यंत येतील.

नमुना स्वच्छ निघाला तर घटकांची यादी त्या व्यक्तीला पाठवा, म्हणजे नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तिला डॉक्टरांशी बोलून शोधता येईल. बाजूला काढलेल्या वड्या पुन्हा मांडायच्या आधी त्यातल्या आणखी दोन वेगळ्या तपासा. नमुन्याची वडी साच्याच्या एका टोकाची असेल आणि कॉस्टिकचा खिसा दुसऱ्या टोकाला.